मोठा पंखा की योग्य पंखा? कसरती करणाऱ्या मॉडेल विमानाचा प्रोपेलर कसा निवडायचा



आजचा विषय नेहमीच्या पाठापेक्षा थोडा वेगळा आहे. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाला कोणता प्रोपेलर लावायचा, असा तो विषय. तुम्ही म्हणाल, वाशीसारख्या तालुक्याच्या गावात हे कुठून आलं? तर मोबाईलमधून आलं. आता खेड्यातली मुलंसुद्धा व्हिडिओ बघतात, मोटार-बॅटरी ऑनलाइन मागवतात आणि थर्माकोल, सनबोर्ड कापून विमान करतात. पुण्यात सदानंद काळे यांच्यासारख्या हौशी मंडळींनी शाळा-कॉलेजांत एरोमॉडेलिंगचे कार्यक्रम करून ही गोडी अनेक मुलांना लावली. एनसीसीच्या एअर विंगमध्ये तर एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. आपल्याकडे शिकवायला तसं कोणी नाही. मग मुलं येतात ती आपल्याकडे, म्हणजे शिक्षकाकडे.

माझ्याकडेही असाच एक मुलगा आला. माझा जुना विद्यार्थी, आता नववीत. त्याचं विमान सरळ छान उडत होतं, पण त्याला कसरती करायच्या होत्या. उभं चढायचं, हवेत नाक वर करून लटकायचं. त्यानं विचारलं, "सर, जोर कमी पडतोय. काय करू?" मी म्हणालो, "पंखा मोठा लाव की, जोर वाढेल." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यानं १० इंची पंखा काढून १२ इंची लावला. विमान जमिनीवरच धरून पूर्ण थ्रॉटल दिला. अर्ध्या मिनिटात जळका वास आला, मग धूर. मोटार गेली आणि मोटारीला वीज सोडणारा स्पीड कंट्रोलरही गेला. जवळपास हजार रुपयांचं नुकसान. त्याचे वडील दोन एकर कोरडवाहू करतात. ते मला एवढंच म्हणाले, "गुरुजी, हे नाद श्रीमंताचे. आता बंद करा म्हणावं त्याला."

नाद श्रीमंताचा नव्हता, सल्ला चुकीचा होता. आणि तो माझा होता. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, त्या मुलाबरोबर मोजमाप केलं. जे कळलं ते इथे देतोय, म्हणजे तुमच्याकडे कोणी मूल हाच प्रश्न घेऊन आलं तर तुमच्याकडून तीच चूक होणार नाही.

पंख्यावरचे दोन आकडे

प्रोपेलरवर १०×४.७ असे दोन आकडे छापलेले असतात. दोन्ही इंचात. पहिला व्यास, म्हणजे पातं फिरताना जे वर्तुळ होतं त्याची रुंदी. १० इंच म्हणजे २५.४ सेंटिमीटर. दुसरा आकडा म्हणजे पिच. मुलांचा घोळ इथेच होतो.

पिच समजवायला मी स्क्रू वापरतो. लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला की तो एका आट्याएवढा आत जातो. आटे जवळजवळ असतील तर थोडा आत जातो, लांब असतील तर जास्त. प्रोपेलर म्हणजे हवेत शिरणारा स्क्रू समजा. ४.७ पिच म्हणजे एका फेऱ्यात तो ४.७ इंच, साधारण १२ सेंटिमीटर पुढे जायला हवा. हवा लाकडासारखी घट्ट नाही, ती सरकते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच जातो. पण कल्पना तीच.

दुसरं उदाहरण सायकलच्या गिअरचं. बालाघाटचा चढ चढताना आपण हलका गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढ चढते. सपाट रस्त्यावर जड गिअर. कमी पिच हा हलका गिअर आणि जास्त पिच हा जड गिअर. कसरतीचं विमान सतत चढ चढत असतं, तेही उभा चढ. त्याला कोणता गिअर लागेल, ते मुलं स्वतःच सांगतात.

व्यास वाढवला की नेमकं काय होतं?

माझी चूक नेमकी इथे होती. मला वाटलं, १० चा १२ केला म्हणजे दोन इंच वाढले, तर मोटारीवरचा भार वीस टक्क्यांनी वाढेल. तसं होत नाही.

फेऱ्यांचा वेग तोच ठेवला तर प्रोपेलरचा रेटा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती पाचव्या घाताप्रमाणे वाढते. आता गणित करा. १२ भागिले १० म्हणजे १.२. याचा पाचवा घात:

१.२ × १.२ × १.२ × १.२ × १.२ = २.४९

म्हणजे शक्ती अडीचपट लागते! शिवाय त्या मुलाचा नवा पंखा १२×६ होता. पिचही ४.७ वरून ६ झाला होता. पिच वाढला की साधारण त्याच प्रमाणात भार वाढतो. सगळं मिळून तिपटीहून जास्त. प्रत्यक्षात एवढ्या भाराखाली मोटार मंदावते, त्यामुळे आकडा इतका जात नाही. पण मंदावलेली मोटार जास्त करंट ओढते आणि जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता. विमान जागेवर धरलेलं, थंड करायला वाराही नाही. जळणार नाही तर काय?

वरच्या वर्गांना घातांक शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावं. 'पाचवा घात कशाला उपयोगी पडतो?' असं विचारणाऱ्या मुलाला जळलेली मोटार दाखवली की पुन्हा तो प्रश्न येत नाही. माझ्या कपाटात ती अजून ठेवलेली आहे.

कोणत्या विमानाला कोणता पंखा?

पंखा निवडताना पहिला प्रश्न असा विचारायचा: विमानानं काय करायचं आहे?

१) शिकाऊ विमान: सरळ उडायचं, वळायचं, उतरायचं. वजनाच्या अर्ध्याइतका रेटा असला तरी चालतं. पिच व्यासाच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात.

२) वेगाचं विमान: इथे पिच व्यासाच्या जवळ जातो. पंखा लहान, फेरे जास्त, गिअर जड. असं विमान सुसाट जातं, पण जागेवरून निघताना अडखळतं. कारण विमान थांबलेलं असताना जास्त पिचचं पातं हवेला फार तिरपं लागतं आणि हवा धरायच्या ऐवजी नुसती घुसळतं.

३) अचूक कसरतीचं विमान: लूप, रोल, उभ्या रेषा एकसारख्या वेगात काढायच्या. जागतिक स्पर्धांमध्ये या प्रकाराला 'एफ-थ्री-ए' म्हणतात. त्यातली विमानं दोन मीटर लांबी-रुंदीच्या मर्यादेत असतात. विजेवर चालणाऱ्या अशा विमानांना २० इंचांच्या आसपास व्यासाचे आणि १३-१४ पिचचे पंखे लावलेले दिसतात. म्हणजे पिच व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश. वेगही हवा आणि उभं चढायची ताकदही हवी, म्हणून हा मधला मार्ग.

४) थ्रीडी कसरतीचं विमान: हवेत नाक वर करून लटकणं, जागेवर गिरक्या घेणं. आमच्या पठ्ठ्याला हेच हवं होतं. इथे व्यास मोठा आणि पिच कमी. १०×४.७ किंवा १०×३.८ हे लहान फोमच्या विमानांचे नेहमीचे आकडे. इंधनावर चालणाऱ्या ०.४६ घनइंच इंजिनाच्या विमानांना हौशी लोक १२.२५×३.७५ असा पंखा लावत. म्हणजे पिच व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

लटकण्याचं गणित अगदी सोपं आहे. विमान नाक वर करून लटकतं तेव्हा पंख काही उचलत नाहीत, सगळं वजन प्रोपेलर पेलतो. म्हणून रेटा वजनापेक्षा जास्त पाहिजे. नुसता बरोबरीचा असला तर विमान लटकेल, पण वर निघता येणार नाही. निवांतपणे कसरत करायची तर रेटा वजनाच्या दीडपट असावा, दुप्पट असला तर उत्तमच.

मोठा व्यास आणि कमी पिच यांचा आणखी एक फायदा आहे. विमान वरून खाली सरळ येताना थ्रॉटल कमी केला की हळू फिरणारा तो मोठा पंखा हवेत ब्रेकसारखा काम करतो. विमान दगडासारखं सुटत नाही. कसरत करताना वर जाण्याइतकंच सावकाश खाली येणंही महत्त्वाचं असतं.

मग पिच अगदी कमी का करू नये?

कारण वारा. प्रोपेलर विमानाला किती वेगापर्यंत ओढू शकतो, याचा अंदाज फेरे आणि पिच यांवरून काढता येतो. सूत्र असं:

वेग (ताशी किलोमीटर) = मिनिटाचे फेरे × पिच (इंच) × ०.००१५२४

समजा पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेतोय. पिच ४.७ असेल तर वेग येतो ताशी ४३ किलोमीटर. पिच ३.८ असेल तर साधारण ३५. आता आपल्या पठारावर वारा ताशी २० किलोमीटरचा असेल, तर समोरून वारा घेऊन जाताना जमिनीवरून बघणाऱ्याला पहिलं विमान फार तर २३ च्या वेगानं पुढे जाताना दिसेल आणि दुसरं १५ च्या. हे झाले कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात दोन्ही अजून कमी. दुसरं विमान वाऱ्यात जवळजवळ अडकल्यासारखं होईल आणि परत आणताना बॅटरी संपेल.

वाशीच्या माणसाला वारा काय आहे ते वेगळं सांगायला नको. आपल्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. मुलांना त्या पवनचक्कीचं पातं आणि हातातला प्रोपेलर शेजारी ठेवून विचारा, दोघांत फरक काय? पवनचक्की वाऱ्याकडून शक्ती घेते, प्रोपेलर हवेला शक्ती देतो. पण दोन्ही पाती मुळाशी जास्त पिळलेली आणि टोकाला कमी पिळलेली असतात. कारण एकाच फेऱ्यात टोक लांबचं अंतर जातं, मूळ थोडंसंच. हे निरीक्षण मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. मोठ्या पवनचक्कीची आणि बऱ्याच मोठ्या विमानांची पाती चालू असतानाच आपला तिरपेपणा बदलू शकतात. आपल्या मॉडेलचं पातं तसं बदलत नाही, म्हणून ते आधीच विचार करून निवडावं लागतं.

पातं म्हणजे फिरणारा पंख, ही गोष्ट राइट बंधूंनी ओळखली. जहाजाच्या प्रोपेलरची तयार माहिती मिळेल असं त्यांना वाटलं होतं, पण कामाची मिळाली नाही. मग त्यांनी स्वतः प्रयोग करून, गणित मांडून पाती कोरली. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं विमान उडालं तेव्हा त्याला साडेआठ फूट व्यासाचे दोन लाकडी प्रोपेलर होते आणि इंजिन होतं जेमतेम १२ अश्वशक्तीचं. दोन्ही प्रोपेलर एकमेकांच्या उलट दिशेनं फिरत. का? कारण प्रोपेलर एका दिशेनं फिरतो तेव्हा विमानाला उलट दिशेनं पीळ बसतो. आपलं मॉडेल लटकताना डावीकडे कलंडायला बघतं ते यामुळेच. पंखा जितका मोठा आणि जड, तितका हा पीळ जास्त. म्हणजे 'मोठा पंखा' याचीसुद्धा किंमत मोजावी लागते.

मोटारीची ऐपत

दुसरा प्रश्न: मोटारीला काय झेपेल? इथे आपली म्हण लागू पडते, अंथरूण पाहून पाय पसरावे.

मोटारीवर 'केव्ही' नावाचा आकडा असतो. एक व्होल्टला बिनभाराची मोटार मिनिटाला किती फेरे घेते, ते तो सांगतो. १,००० केव्हीची मोटार ११.१ व्होल्टवर बिनभाराची ११,१०० फेरे घेईल. पंखा लावला की फेरे बरेच उतरतात. जास्त केव्हीची मोटार म्हणजे लहान पंख्याची, कमी केव्हीची म्हणजे मोठ्या पंख्याची. मोठा पंखाच लावायचा असेल तर त्यासोबत कमी केव्हीची मोटार हवी, नुसता पंखा बदलून भागत नाही. हे मला आधी माहीत असतं तर ते हजार रुपये वाचले असते.

मोटार आणि स्पीड कंट्रोलर, दोन्हींवर जास्तीत जास्त अँपिअर लिहिलेले असतात. दोघांत जो आकडा लहान तो आपला बांध. पंखा लावून करंट मोजायचा आणि त्या बांधाच्या आत राहायचं. मोजायला वॅटमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये ते जोडायचं. एक वॅटमीटर शाळेसाठी घेतला तर सगळ्या मुलांना पुरतो.

पंख्यालाही स्वतःची मर्यादा असते. सावकाश उडणाऱ्या विमानांसाठी जे पातळ 'स्लो फ्लायर' पंखे येतात, त्यांच्यासाठी एपीसी कंपनी सांगते की ६५,००० ला व्यासानं भागा, तेवढेच फेरे जास्तीत जास्त. १० इंची पंख्याला ६,५००. त्यापुढे पातं वाकतं, थरथरतं, तुटूही शकतं. दुसऱ्या जातीच्या पंख्यांची मर्यादा वेगळी असते, म्हणून घेताना जात बघून घ्या.

आम्ही केलेला प्रयोग

वडिलांची समजूत काढायला वेळ लागला. नवी मोटार मी घेऊन दिली, चूक माझी होती म्हणून. अट एकच ठेवली, उडवायच्या आधी मोजायचं.

आम्ही लाकडाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या काटकोनात जोडून इंग्रजी 'एल' सारखी तरफ केली. कोपऱ्यात खिळा घालून ती स्टुलाला फिरती बसवली. उभ्या पट्टीच्या टोकाला मोटार, आडव्या पट्टीचं टोक किराणा दुकानात असतो तसल्या डिजिटल वजनकाट्यावर. दोन्ही हात सारखे, म्हणून पंख्याचा जेवढा रेटा तेवढंच काट्यावर वजन दिसतं. स्टूल टेबलाला पक्कं बांधलं. सगळे मागे उभे राहिले, पंख्याच्या रेषेत कोणी नाही.

नव्या मोटारीची मर्यादा १५ अँपिअर होती. आम्हाला मिळालेले आकडे असे:

९×४.७ : ९ अँपिअर, रेटा ६४० ग्रॅम
१०×३.८ : १०.५ अँपिअर, रेटा ७८० ग्रॅम
१०×४.७ : १३ अँपिअर, रेटा ८५० ग्रॅम
११×४.७ : पूर्ण थ्रॉटलच्या आधीच १६ अँपिअर, लगेच बंद केलं

आता विमानाचं वजन होतं ८२० ग्रॅम. म्हणजे झेपणारा सगळ्यात मोठा पंखा लावूनही रेटा जेमतेम वजनाइतका. लूप, रोल होतील, पण लटकून वर निघणं नाही. मुलगा हिरमुसला. मी त्याला म्हणालो, "रेटा वाढत नाही ना? मग भागाकारात दुसरं काय बदलता येतं?" तो बराच वेळ आकड्यांकडे बघत बसला आणि म्हणाला, "वजन."

तिथून सगळं बदललं. जड सनबोर्ड जाऊन हलका फोम आला. चाकं काढून टाकली, गवतावर पोटावर उतरवायचं ठरलं. गरम गोंद भसाभसा ओतला होता तो कमी केला. मोठ्या बॅटरीऐवजी लहान घेतली. नवं विमान भरलं ६१० ग्रॅम. आता १०×४.७ नं हिशोब होतो ८५० भागिले ६१०, म्हणजे १.३९. दीडपट नाही, पण लटकून वर निघायला पुरेसं.

आणखी एक गंमत त्यानंच शोधली. एक अँपिअरमागे किती ग्रॅम रेटा मिळतो, ते त्यानं काढलं. ९×४.७ ला ७१, १०×३.८ ला ७४, १०×४.७ ला ६५. म्हणजे कमी पिचचा पंखा वीज सगळ्यात काटकसरीनं वापरतो. शेवटी त्यानं दोन्ही पंखे ठेवले. वारा पडलेला असेल तर सकाळी १०×३.८, वारा असेल तर १०×४.७. कोणता पंखा चांगला, याचं उत्तर 'कधीसाठी?' असं विचारल्याशिवाय देता येत नाही, हे तो मला सांगत होता.

आपल्या हवेचा हिशोब

कंपनीच्या तक्त्यातला रेटा आणि आपल्या माळावरचा रेटा यांत फरक पडतो. समुद्रसपाटीला १५ अंशाला हवेची घनता एका घनमीटरला १.२२५ किलो धरतात. आपण पठारावर राहतो. उंची ६५० मीटर धरली आणि उन्हाळ्यातलं तापमान ३८ अंश धरलं, तर घनता सुमारे १.०५ येते. म्हणजे १४ टक्के कमी. तेवढ्याच फेऱ्यांना रेटाही १४ टक्के कमी. डिसेंबरात सकाळी १२ अंशाला तीच घनता १.१५ च्या आसपास असते. म्हणून थंडीत झकास लटकणारं विमान एप्रिलमध्ये मरगळल्यासारखं वाटतं. मुलांना वाटतं मोटार खराब झाली. मोटार ठीक असते, हवा पातळ झालेली असते. उन्हाळ्यात मोटार लवकर तापतेही, म्हणून चार-पाच मिनिटांनी उतरवून हात लावून बघावं. चटका बसत असेल तर पंखा एक पायरी लहान करावा.

पालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं

आपल्या तालुक्यात तेरखेड्याचे फटाके प्रसिद्ध आहेत. छोटी दिसणारी वस्तू बोटांचं काय करू शकते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फिरणारा प्रोपेलर डोळ्याला दिसत नाही, तो सुरीइतकाच धारदार असतो. म्हणून घरात हे नियम पाळाच:

– रिमोटची जुळणी, दुरुस्ती करताना पंखा काढून ठेवायचा. बॅटरी जोडली की मोटार कधीही फिरू शकते.
– आधी रिमोट चालू, थ्रॉटल शून्यावर, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट.
– पंख्याच्या समोर किंवा त्याच्या वर्तुळाच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही.
– चीर पडलेला, टवका उडालेला पंखा चिकटवून वापरायचा नाही. तो थेट कचऱ्यात. पंखा मोटारीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.
– नवा पंखा आधी मधोमध तोलून बघायचा. एक पातं खाली झुकत असेल तर हलक्या पात्याच्या मागे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावायचा. तोल नसलेला पंखा थरथरतो आणि स्क्रू सैल करतो.
– आकडे छापलेली बाजू विमानाच्या जाण्याच्या दिशेला. उलटा बसवला तर पंखा फिरतो, पण रेटा फारच कमी देतो.

कायद्याचंही बघून घ्या. २०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटवर उडणारी मॉडेल विमानंही येतात. दोन किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, ते 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर बघा आणि १२० मीटरच्या वर जाऊ नका. विमान कायम डोळ्यासमोर असलं पाहिजे. वस्ती, रस्ता, विजेच्या तारा यांच्यापासून लांब, सोयाबीन निघालेलं मोकळं रान उत्तम. शेतमालकाला मात्र आधी विचारा.

शेवटी

प्रोपेलर निवडायचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. विमानानं काय करायचं ते ठरवा. त्याचं वजन करा. किती रेटा हवा ते काढा. मोटारीला झेपतील असे दोन-तीन पंखे घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, व्यास किंवा पिच, दोन्ही एकदम नाही. करंट मोजा. आणि तरीही रेटा पुरत नसेल तर पंख्याकडे नाही, वजनाकडे बघा.

सोयाबीन निघाल्यावर एका सकाळी त्या मुलानं विमान उभं लटकवलं. दहा-बारा सेकंदच असेल. वडील बांधावर उभे होते. विमान उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, वजन किती भरलं म्हणता ह्याचं?" मी सांगितलं, सहाशे दहा. ते मुलाला म्हणाले, "अजून पन्नास ग्रॅम काढता येतील का बघ."

मी मनात म्हटलं, सल्ला देणारा माणूस आता बरोबर भेटला.